तात्याचे पाय

तात्याच्या बुटाची टाच चिकटवता चिकटवता वहिनीला नणंदेची बातमी कळली आणि टाच तिरकी बसली.

तात्या म्हणजे बाहुला. हातभर उंचीचा म्हातारा; कागदाच्या लगद्याचं डोकं, लाकडी हात आणि पायांत खऱ्या चामड्याचे बूट. टेबलावर तो प्रयोग करायचा आणि त्याच्यामागे काळे कपडे घालून दोघी उभ्या असायच्या. डोकं आणि हात नणंदेकडे, पाय वहिनीकडे. शाळा, वाचनालयं, दवाखान्यातले मुलांचे वॉर्ड, बोलावतील तिथे त्या जायच्या. मागे कुठली संस्था नव्हती, सगळं दोघींनीच उभं केलेलं. नणंदेला घरात टिटवी म्हणत, कारण गप्प बसणं तिला जमतच नसे. वहिनीला टोपणनाव नव्हतं. पाय चालवणाऱ्या माणसाला टोपणनाव द्यायचं कुणाला सुचतंय!

"वहिनी, माझी मुलाखतीसाठी निवड झाली!" टिटवी दारातूनच किंचाळली.

परदेशातल्या एका नाट्यसंस्थेची ती रेसिडेन्सी होती. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या कलावंतांना ते हिवाळाभर राहायला बोलवायचे. खोली त्यांची, जेवण त्यांचं, तालमीला लाकडी जमिनीचा मोठा हॉल, आणि आज काय केलंस म्हणून कुणी विचारायला येणार नाही. शेवटी जमलं तर छोटासा प्रयोग दाखवायचा.

"म्हणजे माहेरपणच की गं," सासूबाई म्हणाल्या. "आयतं जेवायचं आणि मनासारखं लोळायचं. भाग्याची आहे माझी पोर!"

वहिनी टाच सरळ करत राहिली. तिचं माहेर आई गेली तेव्हाच संपलं होतं. आता तिथे जायचं तर भावजयीची सवड बघावी लागे आणि परत निघेपर्यंत तिच्या कपाळावरच्या आठ्या सोसाव्या लागत. पण खरं दुखणं वेगळंच होतं. त्या रेसिडेन्सीची जाहिरात आधी वहिनीने पाहिली होती. भाजी शिजेपर्यंत ओट्याशी उभं राहून तिने ती पुन्हा पुन्हा वाचली होती. कलावंत एकटाच हवा, सोबत मूल आणता येणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं. आणि वहिनीची लेक अजून इतकी लहान की ताप आला तर आईच्या हाताशिवाय औषधाचा चमचा तोंडाला लावू देत नसे. हिवाळाभर! त्या एका हिवाळ्यात पोरीला किती वेळा ताप येईल, किती रात्री ती उठून बसेल, याचा विचार वहिनीने भाजी करपेपर्यंत केला. मग जेवताना सहज सांगितल्यासारखं म्हणाली, "असं काहीतरी निघालंय म्हणे."

"मी करू अर्ज?" टिटवीने विचारलं होतं.

"कर की. मला काय विचारतेस?"

हे वाक्य आता वहिनीला सारखं आठवत होतं आणि दर वेळी जीभ चावावीशी वाटत होती.

मुलाखत मोबाइलच्या पडद्यावरून व्हायची होती आणि तिच्यात टिटवीने एकटीने तात्याचा एक प्रसंग करून दाखवायचा होता. एकटीला दोनच हात. डोकं आणि हात सांभाळले की पाय लोंबकळणार. टिटवीने दोन दिवस केस ओढले आणि मग तिला युक्ती सुचली. तात्याला खुर्चीत बसवायचं आणि गुडघ्यांवर चादर पांघरायची.

"म्हणजे पाय दिसायलाच नकोत," ती खुशीत म्हणाली. "सुचलं की नाही मस्त? वहिनी, तू एवढी चादर शिवून देशील ना? तुझ्यासारखे बारीक टाके मला सात जन्मांत जमणार नाहीत."

तात्याचं चालणं बघायला मुलं टेबलाच्या कडेला हनुवट्या टेकवून बसायची. डाव्या पायाने तो जरासा लंगडतो, ते लंगडणं वहिनीने सासरे हयात असताना त्यांच्याकडून उचललं होतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला होता. तेच पाय आता झाकायचे, आणि झाकणही तिनेच शिवायचं! वहिनीने निळी चादर शिवली. टाके इतके घट्ट घातले की दोन सुया मोडल्या.

"सून कामाला वाघीण आहे," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. वहिनीने दोरा दातांनी तोडला.

आता त्या दोघींच्या कामाची एक रीत सांगायला हवी. बाहुला दोघींचा असला की एकीने आधी श्वास घ्यायचा आणि दुसरीने त्या श्वासावर हलायचं, तरच तो एक माणूस वाटतो. यांच्यात श्वास पायवालीचा. नाकातून, जरासा ऐकू येईल असा. तात्या उठणार, वळणार, वाकणार, तर आधी वहिनीचा श्वास. इतक्या वर्षांत त्याची अशी सवय झाली होती की दोघींना तो ऐकूही येत नसे. टिटवी एकटीने तालीम करायची तेव्हा वहिनी शेजारी बसून चादर शिवत असायची, आणि श्वास तिच्याकडून जायचाच. टिटवीला वाटत होतं, आपण एकटीने करतोय.

मुलाखतीच्या दुपारी लेकीला शेजारच्या काकूंकडे पाठवलं. नवऱ्याने टेबल खिडकीजवळ ओढलं, पंखा बंद केला आणि "ऑल द बेस्ट, टिटवे, त्यांना बोलायची संधी दे हं," म्हणून कामावर निघून गेला. सासूबाई आतल्या खोलीत दाराला कान लावून बसल्या. मोबाइल वहिनीने धरायचा ठरला होता, कारण तिचा हात हलत नाही. पडद्यावर पांढऱ्या केसांची एक बाई आणि चष्मेवाला एक माणूस होता. टिटवी त्यांच्याशी तिच्या धडपड्या इंग्रजीत भरपूर बोलली. मग तात्याने मान वर केली.

छान चाललं होतं. फारच छान चाललं होतं. तात्याने खिडकीबाहेर बघितलं, चष्मा पुसला, चष्मा हातातून सुटून खुर्चीखाली पडला. आता वाकायचं. टिटवीने त्याचं डोकं खुर्चीच्या कडेपर्यंत आणलं आणि थांबली.

ती का थांबली हे त्या खोलीत एकट्या वहिनीला कळलं. टिटवी श्वासाची वाट बघत होती. तिला स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं. तिचा हात ताठरला, कानाची पाळी लाल झाली, आणि तात्या अर्धवट वाकून खालच्या चष्म्याकडे बघत राहिला.

एक श्वास घ्यायचा होता, एवढंच. वहिनीने तो घेतला नाही. ओठ मिटून, मोबाइल घट्ट धरून ती उभी राहिली. दाखव ना आता, तिच्या मनात आलं. पायांशिवाय दाखव. लोळ माहेरपणाला जाऊन!

पडद्यावरची बाई पुढे झुकली. तात्या तसाच. वहिनीच्या छातीत घुसमटायला लागलं, डोळ्यांपुढे ठिपके आले, आणि शेवटी शरीरच तिचं ऐकेना. नाकातून श्वास आत गेला, एरवीपेक्षा मोठा. त्याच क्षणी तात्या वाकला आणि त्याने चष्मा उचलला.

ती बाई टाळ्या वाजवायला लागली. तो थांबलेला क्षण, ती म्हणाली, त्या म्हाताऱ्याला वाकावं की नको असं जे झालं, तसं तिने फार वर्षांत पाहिलं नव्हतं.

निवडीचा फोन त्याच आठवड्यात आला. सासूबाईंनी गल्लीभर सांगितलं. जो तो टिटवीच्या त्या थांबण्याचं कौतुक करू लागला आणि वहिनीच्या अंगाची लाही लाही होऊ लागली. थांबणं तिचं, आणि टाळ्या टिटवीला! बरं, सांगणार तरी कुणाला, आणि काय म्हणून?

सांगावं लागलंच नाही. भांडी विसळताना टिटवीच म्हणाली, "श्वास अडकवलास ना गं?"

वहिनीच्या हातातलं पातेलं थांबलं. "हो."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

टिटवीने हातातली वाटी दोनदा विसळली. मग तिने ओल्या हाताने नाक पुसलं. "मी असते तर सोडलाच नसता. मेले असते, पण सोडला नसता."

"तुला नाही जमणार. तोंड मिटावं लागतं त्याला."

टिटवीला हसू फुटलं, मग रडू आलं. वहिनीला मात्र दोन्हीपैकी काहीच आलं नाही. तिची जळजळ जिथल्या तिथे होती.

सामान भरायच्या दिवशी तिने तात्याच्या मांड्यांचे स्क्रू काढले आणि पाय बाजूला ठेवले.

"अगं, हे काय?" टिटवीने विचारलं.

"चादरीखाली कुणाला दिसणार आहेत? पाय माझे आहेत. घरी राहतील."

टिटवीने बिनपायांचा तात्या स्वेटरमध्ये गुंडाळला.

ती गेली. घर एकदम शांत झालं. रोज टिटवीचे फोटो यायला लागले. लाकडी जमीन, उंच खिडक्या, कुणीतरी आणून दिलेलं सूप. सासूबाई ते फोटो वहिनीला मोठे करून दाखवायच्या. "बघ, गालावर कशी तकाकी आलीय!" लेकीला दोनदा ताप येऊन गेला. दोन्ही वेळा वहिनी उशाशी बसली आणि पोरीचा हात हातात घेऊन मनात म्हणाली, बरं झालं नाही गेले. मग ताप उतरला की पुन्हा खिडक्या आठवायच्या.

एका दुपारी तिने पाय टेबलावर घेतले. नुसतेच चालवून पाहिले. सासूबाई समोर येऊन बसल्या आणि प्रयोगातल्या मुलांसारखी हनुवटी टेबलाच्या कडेवर टेकवली.

"डोकं कुठंय गं याचं?"

"गेलंय माहेरपणाला."

सासूबाई खुदकन हसल्या. पाय लंगडत त्यांच्याकडे निघाले, आणि त्या लंगडण्याबरोबर त्यांची मानही नकळत हलायला लागली. पाय हनुवटीशी जाऊन थांबले. बुटांवर, तात्याच्या डोक्याच्या जागी, सासूबाईंचा सुरकुतलेला, ओल्या डोळ्यांचा चेहरा. वहिनीने श्वास घेतला. सासूबाईंनी मान वर केली.

"आई, अशाच बसा. अजिबात हलू नका."

"वेड लागलंय तुला. माझे केस तरी विंचरू दे."

"नको, हेच छान आहेत."

रोज दुपारी त्यांची तालीम सुरू झाली. सासूबाई चुकल्या की वहिनीवर चिडायच्या आणि जमलं की शेजारणीला हाक मारायच्या. प्रसंग थोडा बसला तेव्हा वहिनीने मोबाइल पुस्तकांना टेकवला, चित्रण केलं आणि टिटवीला पाठवून दिलं. खाली काही लिहिलं नाही.

उत्तर लवकर आलं नाही. वहिनी कपडे वाळत घालून आली, पुन्हा बघितलं. लेकीची वेणी घातली, पुन्हा बघितलं. मग एकदाची अक्षरं उमटली.

"आईला घेऊन? माझ्याशिवाय? हे कधी सुचलं तुम्हाला? इथे माझं काहीच होत नाहीये गं. सगळे येऊन विचारतात, हा उठून चालत का नाही."

वहिनीने ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग ओट्याशी जाऊन तिने स्वतःपुरता चहा टाकला, त्यात साखर जरा जास्तच घातली, आणि कप हातात घेऊन तिसऱ्यांदा वाचायला बसली.