पहिल्या पानावरचा पहारेकरी

त्या दैनिकात सव्वीस वर्षं मुद्रितं तपासणाऱ्या बाईंना सगळे ‘शंकाबाई’ म्हणत. बातमीदाराने ‘चोर पकडला’ लिहिलं की बाईंचं लाल पेन ‘चोर’वर फिरायचं आणि वर ‘संशयित’ बसायचं. “खटला कोर्टात चालतो बाबा, तुझ्या टेबलावर नाही,” हे वर ऐकवायच्याच.

लेकीच्या बाळंतपणासाठी त्या रजेवर गेल्या आणि नेमकं तेव्हाच पहिल्या पानावर झळकलं : ‘पहारेकरीच निघाला चोर!’ एका संस्थेच्या शिवणवर्गातली सहा शिलाई यंत्रं गायब झाली होती; शेजारी पहारेकऱ्याचा भेदरलेला फोटो.

आठ महिन्यांनी तो निर्दोष सुटला. यंत्रं संस्थेनेच दुसऱ्या इमारतीत हलवली होती, नोंद करायचं मात्र राहून गेलं होतं. बातमीदाराने तीन ओळी खरडल्या, पान सहा.

एव्हाना रजेवरून परतलेल्या बाई त्या ओळी वाचून तडक संपादकांपुढे उभ्या. “जिथे त्याची अब्रू घालवली, तिथेच परत द्यायची. तेवढ्याच मोठ्या अक्षरांत.”

“बाई, निर्दोष माणसात वाचकांना काय रस?”

“आपण लिहून तर बघू. नाहीतर आज पानावर माझी सही नाही.”

सहीशिवाय पान छापायला जात नसे. छपाईचा फोरमन दारात येऊन म्हणाला, “साहेब, मशीन थांबलंय. आणि बाईंचं बरोबर आहे.” संपादकांनी हात टेकले. वर हसून म्हणाले, “फोटोही नवा घ्या.”

बातमीदार खाली मान घालून पहारेकऱ्याच्या घरी गेला. पहारेकऱ्याच्या बायकोने आधी त्याला दारातच फैलावर घेतलं. मग नवऱ्याला आत नेऊन भांग पाडून दिला आणि स्वतःही फोटोत ऐटीत उभी राहिली.

सकाळी नवरा-बायको ताजा अंक घेऊन कचेरीत हजर. शेजारीपाजारी म्हणे घरी येऊन भेटून गेले होते. आठ महिने तोंड फिरवणारा दुकानदारसुद्धा. पहारेकरी मथळा मोठ्याने वाचू लागला आणि अडखळला. “बाई, हे ‘पाहरेकरी’ छापलंय का?”

बाईंनी कपाळावर हात मारला. भांडणाच्या भरात तपासायचंच राहिलं! बातमीदाराला हसू आवरेना.

“असू द्या हो,” पहारेकरी अंक छातीशी धरत म्हणाला, “चूक माझी नाही, एवढं छापलंत ना!”

बाई हसता हसता डोळे पुसू लागल्या.