तापीकाठची तालीम

बेटावदला एस.टी.तून उतरलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. रंगपंचमी होऊन गेली होती, पण स्टँडवरच्या कुत्र्याच्या पाठीवर अजून गुलाबी रंग होता. माझे थोरले भाऊ, आबा, यांनी काठीचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि म्हणाले, "चल बापू."

आबांची नजर काचबिंदूनं गेलेली. ऊन-सावली कळते, माणूस ओळखू येत नाही. तरी येत्या कार्तिकात त्यांना पायी नर्मदा परिक्रमा करायची होती, माझ्यासोबत. वहिनींचा सक्त विरोध. शेवटी एवढंच म्हणाल्या, "आधी आपल्या नदीच्या काठानं एक दिवस चालून या. मग बोलू." म्हणून ही तालीम: मुडावदला पांझरा तापीला मिळते त्या संगमापासून तापीच्या काठाकाठानं आग्रारोडच्या पुलापर्यंत. परिक्रमेत नदी उजव्या हाताला ठेवतात, म्हणून आम्हीही तापी उजवीकडे ठेवली.

हा काठ सरळ नाही. पिवळ्या मातीच्या उंच दरडी आणि त्यांत पावसानं कोरलेल्या घळी. खाली नदी आकसून एका कडेला गेलेली, बाकी सगळी वाळू. वर गव्हाची कापणी चाललेली. कोवळ्या पानांनी निंब लालसर झाले होते, ते मी आबांना सांगू लागलो.

"बापू, निंबाचा वास येतोय मला. खड्डा आला की तेवढं सांग."

गहू कापणाऱ्या एका म्हाताऱ्यानं कंबर सरळ करत विचारलं, "कथा जाई राहिनात, भाऊ?" (कुठे निघालात?)

"पुलापर्यंत," मी म्हणालो.

"तठे तं मोटर जास!" (तिथं तर मोटार जाते!)

आबा इतके हसले की त्यांना थांबावं लागलं.

दुपारी बाभळीखाली कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाल्ला. पुढे एक नाला नदीला मिळत होता. वरून वाळलेला, भेगा पडलेला. आबांना काठीसह काठावर बसवलं आणि पलीकडे जायला वाट आहे का ते बघायला मी एकटा खाली उतरलो. मधोमध गेलो आणि पापुद्रा फुटला. आधी गुडघे गेले, मग मांड्या. एक पाय उपसावा तर दुसरा आणखी खोल जाई. खालचा गाळ थंडगार होता.

"आबा, मी रुतलो! तुम्ही येऊ नका, तिथंच थांबा!"

पण ते उठलेच. काठीनं चाचपत उतारावरून घसरत खाली आले, एकदा कुशीवर पडले. ओल लागताच पोटावर आडवे झाले. "हलू नकोस," म्हणाले. "आणि गप्प बसू नकोस. बोलत राहा."

काय बोलावं ते सुचेना. लहानपणी ओट्यावर बसून म्हणायचो ते पाढे म्हणू लागलो. गाळात छातीनं सरपटत आबा माझ्या आवाजाच्या रोखानं येत होते. एकोणतीसच्या पाढ्यात मी अडखळलो.

"चुकलास," आबा म्हणाले, आणि काठीचं टोक माझ्या कोपराला लागलं.

मीही पुढे आडवा झालो. ते मागे ओढत राहिले, मी पाय सोडवत राहिलो. चपला आतच राहिल्या. वर आलो तेव्हा दोघांचे चेहरेही ओळखू येत नव्हते.

आरडाओरडा ऐकून वाळूतल्या डांगरवाडीतून (टरबुजाच्या मळ्यातून) एक बाई धावत आली होती. आबांच्या डोळ्यांकडे तिचं लक्ष गेलं.

"काय व्हयनं? आंधयानी डोयावालाले काढं!" ती म्हणाली. (काय झालं? आंधळ्यानं डोळसाला काढलं!)

नदीवर नेऊन तिनं आम्हाला अंग धुवायला लावलं, मग टरबूज फोडून समोर ठेवलं. मी संकोचलो तर म्हणाली, "खा भाऊ, आठे बठ्ठं तुमनंच शे." (इथं सगळं तुमचंच आहे.) आबांनी सालीपर्यंत खाल्लं.

पुलाशी पोचलो तो सूर्य मावळत होता. मी अनवाणी. धुळ्याची एस.टी. मिळाली. वाटेत मी आबांना सुचवलं की नाल्याची गोष्ट घरी नको.

घरी गेल्या गेल्या आबांनी सगळ्यात आधी तीच सांगितली. पाढ्यासकट.

वहिनी ऐकत राहिल्या. आबांच्या कोपराला खरचटलं होतं, तिथं हळद लावली. मला वाटलं, परिक्रमा संपली.

"दोघंही चिखलात," त्या म्हणाल्या, "मग काठावर तिसरं कुणी नको? मी येते."

आबांनी मान वर केली. "तुला घरदार सोडून जमेल?"

"तुम्ही नसताना इथं बसणं मला जमणार नाही."

इतके दिवस मी त्यांना आबांच्या डोळ्यांविषयी, वाटेविषयी, धर्मशाळांविषयी समजावत होतो. त्यांची भीती वाटेची नव्हतीच. मागं एकटीनं वाट पाहत बसायचं, ते त्यांना नको होतं. आणि कुणी त्यांना 'चला' म्हटलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धुळ्यातच पांझरेच्या काठानं आम्ही तिघं निघालो. वहिनी इतक्या भरभर चालल्या की आबांना दोनदा हाक मारावी लागली.