मुळेसरांची रथसप्तमी

पारनेरजवळच्या एका गावात शरच्चंद्र मुळे हायस्कुलात विज्ञान शिकवत. देवळात ते जात नसत. सूर्याला मात्र अगदी मनापासून मानत, कारण तो दिसतो. रोज सकाळी अंगणात सूर्यनमस्कार घालताना मंत्राऐवजी सूर्याचं अंतर म्हणत. जानेवारीत नऊ कोटी चौदा लाख मैल, जुलैत नऊ कोटी पंचेचाळीस लाख. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एके दिवशी सूर्य वर्षातला सर्वांत जवळ येतो, म्हणून सरांच्या घरी त्या दिवशी गुळपोळ्या होत आणि शेजारी वाटल्या जात.

"जवळ आलाय, तर मग एवढी थंडी कशी?" शेजारच्या राहीबाईंनी विचारलं.

सरांनी पृथ्वीचा कललेला आस समजावला.

"म्हंजी येतो जवळ, पन आपनच तोंड फिरवून बसतो."

सर दिवसभर खूश होते.

बहात्तर सालच्या रथसप्तमीला मात्र घोळ झाला. दरवर्षी त्यांच्या अंगणात दोन विटांवर बोळकं ठेवून, खाली गोवऱ्या पेटवून दूध उतू घालवत. ज्या दिशेला उतू जाईल तिकडं पाऊस, असा गावाचा समज. सहा वर्षं दूध पूर्वेलाच गेलं होतं. गावातल्या सहादेवचं रान पूर्वेला, त्यामुळं दूध तोच आणायचा. त्या वर्षी सरांनी गवंड्याकडून पाणसळ आणली. अंगणाला पूर्वेकडं उतार निघाला. त्यांनी माती घालून विटा समपातळीत आणल्या.

"सर, नीट चाललेलं कशाला बिघडवता?" सहादेव म्हणाला.

दूध वर आलं आणि चारी बाजूंनी सारखं उतू जाऊन विस्तव विझला.

"समद्यांकडं पडनार," राहीबाई म्हणाल्या.

"समद्यांकडं म्हंजी माज्याकडं किती?" सहादेवनं विचारलं.

प्रयोग पुन्हा करायला सरांची ना नव्हती. ते गोवऱ्या आणायला वळले तेव्हा राहीबाईंनी पूर्वेच्या विटेखाली खापरी सरकवली, कारण त्यांचं रान पश्चिमेला. मग सहादेवनं पश्चिमेच्या विटेखाली सरकवली. बोळकं बोटभर उंच झालं, पण सरळच राहिलं. दूध परत चारी बाजूंनी गेलं. तिसऱ्यांदा मांडायची वेळ आली तेव्हा सरांच्या पत्नी सुमेधाबाई म्हणाल्या, "अहो, दूध संपलं."

त्या वर्षी पाऊस कुणाकडंच पडला नाही.

पुढच्या रथसप्तमीला सहादेव आणि राहीबाई दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडत होती. तरी सुट्टी काढून आली. दूध नव्हतं. सरांनी बोळक्यात तांब्याभर पाणी ठेवलं. ते उकळलं, पण उतू जाईना. नुसती वाफ निघत होती.

"ही वर जाते," सर म्हणाले. "हिचेच ढग होतात."

तिघंही वर बघत बसले.

"एका तांब्याचा ढग केवढा हुईल, सर?" सहादेवनं विचारलं.

सरांनी खिशातून कागद काढून हिशोब केला. उत्तर पाहिलं, कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "सुरुवात म्हणून बरा होईल."

सुमेधाबाईंनी उरलेल्या पाण्यात चहाची पूड टाकली.