अप्पाच्या नंबरावर

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या ईश्वरप्पा हमालाचा हात आधी चालायचा, मग तोंड. डोक्याची पाळी आली तर आली. भुसार बाजारात त्याने एकाचं नाक फोडलं होतं. बायको महादेवीच्या दंडावरचे वळ सगळ्या गल्लीला ठाऊक होते. पोरीवर, काव्यावर मात्र त्याने कधी हात उगारला नाही. पोरीला नर्सिंगला घातलं, तेव्हा बँकेत तिचं खातं काढताना मोबाइल नंबर त्याने स्वतःचा लिहायला लावला. वयात आलेल्या पोरीचा नंबर परक्या माणसांना द्यायचा? छे!

आता काव्या जर्मनीतल्या दवाखान्यात लागली होती. तिथली बँक म्हणे, आधी राहायचा पत्ता आणा, मग खातं. घरमालकीण म्हणे, आधी अनामत भरा, मग खोली. दोघींच्या मधे पोरीचा पार चेंडू झाला. भिस्त सगळी सोलापूरच्या खात्यावर, आणि पैसे पाठवायचे तर ओटीपी यायचा अप्पाच्या फोनवर. पाठीवरचं पोतं उतरवून, चष्मा शोधून तो आकडे सांगेपर्यंत मुदत संपलेली असायची.

"अप्पा, आज संध्याकाळपर्यंत अनामत न्हाय भरली तर खोली दुसऱ्याला जाणार," काव्या फोनवर रडली. "हॉस्टेल उद्या सोडायचंय. कुटं जाऊ मी?"

ईश्वरप्पा तडक बँकेत गेला.

"पोरीचा तिकडचा नंबर घाला की ह्या खात्याला."

"खातेदाराला स्वतः यावं लागेल, काका," साहेब म्हणाला.

"अवो, ती जर्मनीत हाय!"

"मग मी काय करू? मुलीच्या खात्याला तुमचा नंबर दिलाच कशाला?"

बोलणं खरं होतं, म्हणूनच झोंबलं. ईश्वरप्पाने मुठीत धरलेल्या फोनसकट साहेबाच्या तोंडावर ठोसा हाणला. साहेब दात धरून खाली बसला, तरी ह्याचे ठोसे थांबेनात. वॉचमन सोडवायला धावला, तर त्याला उचलून काउंटरच्या काचेवर आपटलं. काच फुटली, वॉचमनचं कपाळ फुटलं. बायामाणसं किंचाळत बाहेर पळाली. शेवटी चौघांनी मिळून ईश्वरप्पाला जमिनीवर दाबून धरलं. पोलीस येईपर्यंत तो शिव्या देत होता.

रक्ताने माखलेला फोन पोलिसांनी मुद्देमाल म्हणून जप्त केला. ईश्वरप्पा कोठडीत आणि फोन समोर हवालदाराच्या टेबलावर.

संध्याकाळी फोन टिंग वाजला.

"साहेब, ओटीपी आला! पोरीला एवडे आकडे कळवा की. पाया पडतो!"

"मुद्देमाल आहे तो. गप बस."

पुन्हा टिंग. मग रिंगच वाजायला लागली. ईश्वरप्पा गजांवर मुठी आपटू लागला. कातडी सोलली, रक्त आलं, तरी आपटतच राहिला.

"माजी पोरगी हाय ती! रस्त्यावर येईल ओ!"

रिंग थांबली, परत सुरू झाली. हवालदार वैतागला आणि त्याने फोन बंद करून टाकला.