निळ्या ठिपक्याचा पेला

चेन्नईत एन्नोरच्या रस्त्यावर माझ्या काकांचं कंटेनरचं यार्ड आहे. मी रोज ट्रेलर घेऊन त्यांच्या गेटासमोरून जातो आणि हॉर्न वाजवतो. समोर गाय नसते, माणूस नसतो, वाजवायचं काही कारण नसतं. काका आत पत्र्याच्या केबिनमध्ये बसलेले असतात आणि माझा हॉर्न त्यांना ओळखू येतो. मला तेवढं पुरतं.

काका म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. आम्ही तंजावरकडचे मराठी, चेन्नईत येऊनही पिढ्या झाल्या. घरी आम्ही जी मराठी बोलतो ती ऐकून पुण्याचा माणूस आधी हसतो आणि मग जरा हळू बोला म्हणतो. लिहायची मराठी मला आईकडून मिळाली, ती सोलापूरची. डूख धरायची सवय मात्र कुणाकडून आली नाही, ती माझी स्वकष्टाची कमाई आहे. वडिलांचा कुणी अपमान केला तर दोन दिवसांत ते त्याच माणसाला जेवायला बोलवायचे. मी माणूस विसरेन, अपमान नाही.

हे सगळं सुरू झालं ते एका लग्नाच्या पंगतीत. मी तेव्हा कुरियरच्या ऑफिसात काउंटरवर बसत होतो आणि लोकांच्या पार्सलांवर शिक्के मारून वैतागलो होतो. मला लहानपणापासून मोठ्या गाड्यांचं वेड. काकांनी पानावरची खीर ओरपता ओरपता, अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात मला सांगितलं, "हेवी लैसन काढून ये रे. पहिली ट्रेलर तुझी." पंगतीतल्या बायकांनी माना वळवून आईकडे पाहिलं. आमच्या लोकांत लॉरी विकत घेतली तर तो उद्योगपती आणि चालवली तर घराण्याला बट्टा. आई खाली मान घालून भात कालवत राहिली.

मी नोकरी सोडली. ड्रायव्हिंग स्कूलच्या खटारा लॉरीवर गिअर बदलता बदलता खांदा धरला, पण लायसन्स काढलं. ते खिशात घालून मी काकांच्या यार्डात गेलो, तेव्हा त्यांच्याभोवती त्यांचे चार-पाच ड्रायव्हर उभे होते. काकांनी लायसन्स उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "अनुभवम अहे का रे?"

मला वाटलं, थट्टा करताहेत. मी म्हणालो, तुम्हीच बोलावलंत, गाडी दिलीत की अनुभव येईल. ड्रायव्हर हसले. त्यांना मराठी कळत नव्हती, पण माझा चेहरा कळला. काका म्हणाले, "पाहूं रे, पाहूं," आणि लायसन्स परत माझ्या हातात ठेवलं.

हे 'पाहूं' मी पुढे कितीदा ऐकलं त्याला गणती नाही. तोवर यार्डात ये, गाड्यांची ओळख करून घे, असं त्यांनी सांगितलं. ओळख म्हणजे काय, तर ट्रेलर धुणे. मी धुतले. कधी ड्रायव्हरच्या शेजारी बसून बंदरापर्यंत गेलो, ते गाडी मागं घेताना खाली उतरून बाजूच्या पत्र्यावर थापा मारायला. आमच्याकडे क्लीनरचं ते काम. थाप पडत राहिली की गाडी मागं येऊ द्यायची, दोन थापा जोरात पडल्या की थांबायचं. लायसन्स माझ्या खिशात आणि थापा माझ्या हाताला. एकदा एक ड्रायव्हर आला नाही आणि ट्रेलर नुसता एका कडेहून दुसऱ्या कडेला लावायचा होता, म्हणून मी वर चढून बसलो. काकांनी सगळ्यांसमोर मला कॉलर धरून उतरवावं तसं शब्दांनी उतरवलं.

दुपारी काकांचा जेवणाचा डबा अड्यारच्या त्यांच्या घरून आणायचं कामही माझंच. तिथं एक गोष्ट बरी होती. काकू मला आत स्वयंपाकघरात बसवून कॉफी द्यायची, घरच्या पेल्यात. यार्डाचे ड्रायव्हर कधी घरी आले तर त्यांचे पेले वेगळे, बाहेर नळाजवळच्या कट्ट्यावर पालथे घातलेले. चुकून आतल्या पेल्यांत मिसळू नयेत म्हणून काकूनं त्यांच्या तळाला ट्रेलरच्या निळ्या रंगाचा ठिपका दिला होता. मला तेव्हा त्या ठिपक्याचं काही वाटलं नाही, हे इथं लिहितो. मी आत बसत होतो ना.

मग आयुधपूजा आली. आईच्या माहेरी तिला खंडेनवमी म्हणतात. यार्डात सगळे ट्रेलर हार घालून रांगेत उभे केले होते, कापूर पेटला होता. आमच्या इकडे त्या दिवशी चाकाखाली लिंबं ठेवतात आणि ड्रायव्हर गाडी किंचित पुढं घेऊन ती चिरडतो. ज्याची गाडी त्याचं लिंबू. काकांनी टोपलीतून एकेका ड्रायव्हरच्या हातात लिंबं दिली. मी रांगेत उभा होतो, पोरीच्या लग्नात बापानं घालावा तसा पांढराशुभ्र शर्ट घालून. माझ्यापाशी आल्यावर काकांनी टोपलीत हात घातला नाही. बगलेतला झाडू काढून दिला आणि म्हणाले, गाड्या पुढं गेल्या की लिंबाची सालं गोळा कर, कुणाचा पाय पडायला नको.

मी सालं गोळा केली. सगळी. झाडू गेटाला टेकवून ठेवला आणि बाहेर पडलो तो परत गेलो नाही. त्या रस्त्यावरच मी ठरवलं की या माणसाला एक दिवस भर रस्त्यात पत्र्यावर थापा मारायला लावीन. कसं, ते माहीत नव्हतं. पण ठरवल्यावर बरं वाटलं, भूकही लागली.

त्यानंतर मी एन्नोरचं एकेक गेट पालथं घातलं. सगळीकडे तोच प्रश्न. अनुभव. काम दिल्याशिवाय अनुभव कुठून येणार, हे विचारलं की लोक माझ्याकडे असं बघायचे की जणू मीच काहीतरी चावट बोललो. शेवटी उन्हाळा माझ्या मदतीला आला. विहिरी आटल्या, नळ सुकले आणि शहराला पाण्याचे टँकर कमी पडायला लागले. एका टँकरवाल्यानं मला एवढंच विचारलं, गल्लीत गाडी मागं घेता येते का. मी येते म्हणालो. त्यानं किल्ली फेकली.

त्या टँकरवर मदतनीस म्हणून एक अण्णा होते. पूर्वी तेच तो टँकर चालवायचे. डोळे अधू झाले, लायसन्सचं नूतनीकरण झालं नाही, म्हणून आता पाइप धरायचे. माझ्यावर रागवायचा त्यांना पूर्ण हक्क होता, आणि त्यांनी तो वापरला. अर्धा भरलेला टँकर ब्रेक दाबल्यावर थांबत नाही, आतलं पाणी मागून येऊन धक्का देतं. पहिल्या दिवशी मी एका रिक्षाच्या अगदी पाठीला जाऊन थांबलो तेव्हा अण्णांनी मला तमिळमध्ये जे काही ऐकवलं, त्यात माझ्या सगळ्या पूर्वजांचा उल्लेख झाला. पण शिकवलंही त्यांनीच. सिरुसेरीच्या सॉफ्टवेअर कंपन्यांना पाणी टाकत टाकत मी ड्रायव्हर झालो. स्टिअरिंगवर हात असताना मी काकांना उद्देशून भाषणं करायचो. काही फार छान जमली होती.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी काकूचा आईला फोन आला. घरात काकांच्या आईचं श्राद्ध, भटजी येऊन बसायचे आणि विहिरीनं तळ दाखवलेला. टँकर मागवावा तर श्राद्धाचा स्वयंपाक सोवळ्यातला, कुणाकुणाचे हात लागलेलं पाणी चालायचं कसं. मग काकूला आठवलं की आपल्यातलाच एक मुलगा टँकर चालवतो. पाइप त्यानं धरला तर दोष नाही. म्हणजे ज्या स्टिअरिंगमुळे घराण्याला बट्टा लागला होता, ते आता घराण्याला सोवळं पुरवणार होतं.

आईनं भीत भीत विचारलं. मी लगेच हो म्हणालो. तिनं माझ्याकडे जरा रोखून पाहिलं आणि म्हणाली, "श्राद्ध आहे. आजीचं आहे. काही वेडंवाकडं करू नकोस." मी म्हणालो, पाणी देणार, चोख देणार.

अड्यारमधली काकांची गल्ली अरुंद. तोंडाशी गाडी लावून अण्णा नेहमीसारखे खाली उतरले आणि थापा मारायला मागं गेले. काका फाटकात उभे होते, नेसणीला रेशमी मुकटा, उघडं अंग. त्यांनी लांबूनच अण्णांना हात केला आणि तमिळमध्ये सांगितलं की तुम्ही गल्लीच्या कोपऱ्यावर थांबा, आज कार्य आहे, पाइपला हात लावू नका. अण्णांनी विडी काढली आणि कोपऱ्यावरच्या झाडाखाली जाऊन बसले.

तोवर मी काय करायचं ते नीट ठरवलं नव्हतं. तेव्हा ठरलं. मी काच खाली केली आणि काकांना सांगितलं की मागचं मला दिसत नाही, कुणीतरी थापा मारायला पाहिजे. भटजी ओट्यावर, काकू आत, अण्णा कोपऱ्यावर. उरले काका. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मुकटा आवरला आणि आले. त्यांनी पत्र्यावर पहिली थाप मारली ती मला अजून ऐकू येते. मी मुद्दाम हळू घेतली. मध्ये थांबलो, पुन्हा पुढं घेतली, पुन्हा मागं. शेजारच्या गॅलऱ्यांत माणसं उभी राहिली होती. काका तमिळमध्ये "वा, वा, वा", म्हणजे ये, ये, ओरडत थापा मारत होते आणि मी आरशात बघत होतो. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

गाडी लागली. हंडे, घंगाळं फाटकात मांडून ठेवली होती. काका खिडकीपाशी आले. धाप लागली होती.

"उतर अत्ता. पाइप तू धर."

मी स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. "काका, मी ड्रायव्हर. पाइप धरायचा मला अनुभव नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वर्षभर मी मनात रचलेलं एकही भाषण मला करावं लागलं नाही. माध्यान्ह जवळ येत होती, भटजींनी ओट्यावरून हाक मारून वेळेची आठवण केली, आणि काका मुकाट्यानं मागं गेले. त्या टँकरचा नळ अर्धाच फिरवायचा असतो आणि आधी पाइपवर पाय द्यायचा असतो. ते अण्णांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. काकांनी नळ पूर्ण फिरवला. पाइप फणा काढून उठला आणि काका डोक्यापासून पायापर्यंत न्हाले. मुकटा अंगाला चिकटला, जानवं गळ्याशी गोळा झालं. त्यांनी दोन्ही हातांनी पाइप छातीशी धरला आणि एकेक हंडा भरला. वरच्या गॅलरीत कुणीतरी हसलं. कोपऱ्यावर अण्णांनी विडी विझवली आणि तोंड फिरवलं. त्यांना हे बघवलं नाही. मला बघवलं.

हंडे आत गेले. काका तसेच ओलेते पुन्हा खिडकीशी आले. मला वाटलं शिव्या देतील, तीही तयारी होती. पण ते खालच्या आवाजात बोलले.

"सोमवारी यार्डात ये. नवी ट्रेलर आली अहे. तुला देतो."

हेच तर मला हवं होतं, पहिल्यापासून. सूड बीड सगळं बाजूला राहिलं आणि एक क्षण मला नुसती ती गाडी दिसली. मी हो म्हणणारच होतो. तेवढ्यात काकू फाटकातून बाहेर आली, हातात ताट, ताटात कॉफीचे दोन पेले. एक तिनं खिडकीतून माझ्याकडे केला आणि दुसरा अण्णांना दे म्हणाली. माझ्या नजरेला तिनं नजर दिली नाही. मी पेला वर धरून तळाशी पाहिलं. निळा ठिपका.

काकांनी मला बघताना पाहिलं. काकू आत गेली. रागावून दिला, की सोवळ्यात घरचा पेला बाहेर काढता येत नव्हता म्हणून दिला, मला ठाऊक नाही. विचारलंही नाही. गेटागेटावर जे मागत फिरलो होतो, ते त्या घरानं मला देऊन टाकलं होतं. ड्रायव्हर म्हणून माझी नोंद झाली होती आणि पुतण्या म्हणून नाव खोडलं गेलं होतं. कॉफी कडक होती. मी ती सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो.

"कसाला रे काही बोलत नाहीस?" काकांनी विचारलं.

"पाहूं काका, पाहूं," मी म्हणालो आणि गाडी सुरू केली.

कोपऱ्यावर अण्णांना त्यांची कॉफी दिली. ट्रेलरचं कळल्यावर त्यांनी मला गाढव म्हटलं. पुढं काकांच्या समोरच्या यार्डात जागा निघाली. तिथल्या मालकानं अनुभव विचारला आणि मी सांगितला.

त्या श्राद्धानंतर थोड्याच दिवसांनी काकूचा आईला पुन्हा फोन आला. बाकी काही नाही, म्हणाली, बाहेरच्या कट्ट्यावरचे दोन पेले कमी भरताहेत, मुलाच्या गाडीत राहिले का बघ. आईनं फोनवर हात ठेवून मला विचारलं. एक पेला माझ्या डॅशबोर्डवर होता, आजही आहे. दुसऱ्यातून अण्णा चहा पितात.

मी म्हणालो, "काकूला सांग, ज्यांच्यासाठी ठेवले होते त्यांच्याकडेच आहेत."