पाडसापाशी बोलू नये

बारावीच्या वर्षी, डिसेंबरच्या सुट्टीत, पप्पा मला एका रात्रीसाठी डॉक्टरकाकांकडे घेऊन गेले. डॉक्टरकाका पप्पांचे मित्र. आयुष्यभर सरकारी नोकरीत गुरांचे डॉक्टर होते. निवृत्त झाल्यावर सिद्धेश्वर धरणाजवळच्या आपल्या माळरानाला त्यांनी तारेचं कुंपण घातलं आणि तिथे जखमी, चुकलेली रानजनावरं सांभाळायला सुरुवात केली. वन खात्याची माणसंच त्यांच्याकडे जनावरं आणून पोचवत. मी गेले तेव्हा तिथे एका पंखाची घार होती, विहिरीत पडून कंबर मोडलेला कोल्हा होता आणि हरणाचं एक पाडस होतं.

त्या वर्षी काकांनी पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या होत्या. मातीच्या भिंती, वर कवेलू, खाली शेणानं सारवलेली जमीन, विजेऐवजी कंदील. ‘निसर्गनिवास’ असं नावही दाराच्या चौकटीवर रंगवलेलं. शहरातली माणसं येतील, राहतील, काही शिकून जातील असं त्यांना वाटत होतं. त्यांच्यासाठी नियमांची एक पाटी इंग्रजीत हवी होती. म्हणून मी.

“हिचं इंग्रजी एकदम फाडफाड आहे,” पप्पा म्हणाले. मी जमिनीकडे बघत होते.

पाचवीपासून मी हॉस्टेलला होते. तिथे मराठी बोललं की शिक्षा होती. सुट्टीत हिंगोलीला आले की चुलतभावंडं म्हणायची, “बोल की जरा इंग्लिशमध्ये,” आणि मी बोलले की हसायची. मराठी बोलले तरी हसायची, कारण माझं मराठी पुस्तकातल्यासारखं होतं. दोन्हीकडे गप्प राहणं सोपं असतं हे मला लवकर कळलं.

पाडसाचं सगळं बघायची ती आक्का. जवळच्या वस्तीवरची धनगरीण, चाळिशीची, उंच, कपाळावर आडवं मोठं कुंकू. तिचा नवरा मेंढरं घेऊन फिरतीवर असायचा. ती स्वतःच्या चार शेळ्या घेऊन काकांच्या आवारात कामाला यायची. पाडसाला त्या शेळ्यांचंच दूध होतं. तिनं मला चहा दिला, दोन-तीन प्रश्न विचारले, मी मानेनंच उत्तरं दिली, तेव्हा ती काकांना म्हणाली, “डॉक्टर, तुमी बराबर माणूस आणलं. इथं बोलायचीच बंदी हाय अन् ही पोरगी मुकीच हाय.”

सगळे हसले. मीही हसले. तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती.

बंदी खरीच होती. काकांनी मला समजावून सांगितली, कारण ती मला इंग्रजीत लिहायची होती. मूग तोडताना साखरा गावाकडच्या एका शेतकऱ्याला ते पाडस रानात एकटं बसलेलं दिसलं. त्याला वाटलं, आई मेली असणार. त्यानं ते उचलून घरी आणलं. खरं तर हरणी पिलाला असंच लपवून चरायला जाते आणि परत येते. माणसानं उचललं की मग मात्र ते खरंच अनाथ होतं. अशी दोन पाडसं काकांकडे आधी आली होती. दोन्ही माणसाळली. सोडली की वस्तीकडे परत यायची. एकाला गावच्या कुत्र्यांनी मारलं, दुसरं कुंपणाच्या आतच संपलं.

“या खेपेला आम्ही काटेकोर आहोत,” काका म्हणाले. पाडसाच्या गोठ्याला सगळ्या बाजूंनी बांबूचे तट्टे लावले होते. दूध तट्ट्याच्या फटीतून, बाटलीनं. पाडसाला माणसाचं तोंड दिसायचं नाही, हात लागायचा नाही. त्याला नाव ठेवायचं नाही आणि त्याच्यापाशी बोलायचं नाही. तीन महिने हे पाळलं होतं. वरच्या माळावर हरणांचा एक कळप रोज सकाळी चरायला येत असे. दुसऱ्या दिवशी पाडसाला तिथे सोडायचं होतं.

आक्का म्हणाली, “हे गेलं ना बाई, तर मी गावात पेढे वाटीन. लोक मला म्हणतेत, हरणाची दाई.”

संध्याकाळी कंदिलाजवळ बसून मी पाटीचा मजकूर लिहिला. एकूण सात नियम. चौथा नियम मी दोनदा खोडून नीट केला. पाडसापाशी बोलू नये, त्याला हात लावू नये, तुमची माया त्याच्या जिवावर येऊ शकते. शेवटचं वाक्य काकांनी सांगितलं नव्हतं, माझं होतं. काकांना ते फार आवडलं. पप्पांनी ते वाचून दाखवलं आणि त्याचा अर्थ आक्काला सांगितला. ती म्हणाली, “व्हय, अस्संच लिवा.”

पहाटे मला लवकर जाग आली. पप्पा शेजारच्या खोलीत झोपले होते. बाहेर धुकं होतं. आक्का अजून वस्तीवरून आली नव्हती. मी शाल गुंडाळून आवारात फिरले आणि पाडसाच्या गोठ्याशी गेले. फक्त बघायला, असं मी स्वतःला सांगितलं होतं. तट्ट्याच्या फटीतून डोळा लावला. ते उभं होतं, गव्हाळ रंगाचं, काडीसारख्या पायांचं. माझी चाहूल लागून ते फटीजवळ आलं. त्याला वाटलं असेल, दूध आलं.

मी हात आत घातला. का, ते मला आजही सांगता येत नाही. त्यानं माझी दोन बोटं तोंडात घेतली आणि चोखू लागलं. जीभ खरखरीत होती आणि फार गरम.

आणि मी बोलायला लागले.

हळू आवाजात, पण बोलले. हॉस्टेलबद्दल. डॉक्टर व्हायचं नाही हे पप्पांना सांगता येत नाही त्याबद्दल. माझ्या खोलीतल्या मुली माझ्या नकळत माझी वही वाचून हसल्या होत्या त्याबद्दल. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. कुणी हसलं नाही. मी किती वेळ बोलले माहीत नाही. अर्धा तास असेल, जास्तही असेल. मध्येच वाटलं की हात काढावा. काढला, तर ते तट्ट्याला डोकं घासत हुंगायला लागलं, म्हणून मी परत घातला. आदल्या संध्याकाळी मीच लिहिलेलं वाक्य मला त्या वेळी आठवत होतं. ते विसरले होते असं म्हणायची सोय नाही.

वस्तीकडून शेळ्यांचा आवाज आला तेव्हा मी शालीला हात पुसून खोलीत गेले.

साडेआठच्या सुमारास आम्ही माळावर गेलो. काकांची जुनी जीप, मागे गोणपाटानं झाकलेला पिंजरा. काका, पप्पा, आक्का आणि मी. कळप लांबवर दिसत होता, पंधरा-वीस हरणं, एक काळा नर. वाऱ्याची दिशा बघून काकांनी पिंजरा ठेवला, दार उघडलं आणि आम्ही सगळे मागे येऊन जीपपाशी उभे राहिलो. आक्कानं पदराचं टोक दातात धरलं होतं.

पाडस बाहेर आलं. थोडा वेळ नुसतं उभं राहिलं. मग कळपाकडे चालायला लागलं. चालता चालता उडी मारली, पुन्हा एक. आक्कानं माझा दंड घट्ट धरला. कळपातल्या दोन माद्यांनी माना वर केल्या. पाडस त्यांच्यापासून दगड फेकण्याच्या अंतरावर होतं.

तिथे ते थांबलं. वळलं. आणि सरळ आमच्याकडे धावत आलं.

आक्का आणि मी एकमेकींना लागून उभ्या होतो. ते आमच्या दोघींच्या समोर येऊन थांबलं. आक्काच्या लुगड्याला त्यानं नाक लावलं, मग माझ्या ओढणीला. मी हाताची मूठ करून पाठीमागे नेली. ते मान लांब करून माझ्या कोपरापर्यंत हुंगत आलं. कळप तोवर टेकाडापलीकडे गेला होता.

काकांनी दोनदा परत प्रयत्न केला. आम्हाला जीपमध्ये बसवून, लांब जाऊन. ते जीपमागे धावत आलं.

परत आल्यावर काका व्हरांड्यात बसले. ते ओरडणारे नव्हते. त्यांनी फक्त विचारलं, “याच्याशी कोण बोललं?”

मला वाटलं, माझ्या तोंडावरच लिहिलेलं असेल. पण माझ्याकडे कुणी बघितलंही नाही. मुक्या पोरीकडे कोण बघणार.

आक्का म्हणाली, “बोललं न्हाई कुणी, डॉक्टर.” मग म्हणाली, “पण मी गुणगुणते. शेरडं पिळताना. तट्ट्याच्या अल्याडच पिळते ना. गुणगुणलं न्हाई तर ती पान्हवत न्हाईत. ध्यानातच आलं न्हाई माझ्या. तीन महिने आयकत व्हतं ते.”

काकांनी कपाळावरून हात फिरवला. मग म्हणाले, “आक्का, एवढं सांगून…”

“चुकलंच माझं,” ती म्हणाली. “आता काय सांगू.” आणि ती रडली. मोठी बाई रडताना मी तोवर फार कमी पाहिली होती.

मी सांगू शकले असते. दोन वाक्यं पुरली असती. पप्पा माझ्या शेजारीच बसले होते. काकांनी सकाळीच माझ्या पाटीचा कागद सुताराकडे द्यायला बाजूला ठेवला होता. मी माझ्या चपलांकडे बघत राहिले. दुपारी आम्ही हिंगोलीला निघालो. आक्कानं मला वाटेत खायला शेंगा बांधून दिल्या.

पुढे पप्पांकडून तुकड्या-तुकड्यांनी कळत गेलं. काकांनी आक्काला पाडसांच्या कामावरून काढून पाहुण्यांच्या स्वयंपाकाला लावलं. ते पाडस आवारातच मोठं झालं, काळा नर झालं. माणसालाच ते आपल्या जातीचं समजत असल्यामुळे माणसांवरच शिंगं उगारायचं. त्याला एकट्याला वेगळ्या कुंपणात ठेवावं लागलं. चार-पाच वर्षांनी ते मेलं.

नऊ वर्षांनी मी पुन्हा तिथे गेले. तोवर मी नोकरीला लागले होते आणि दोन वाक्यं बोलण्याइतकी मोठी झाले होते, असं मला वाटत होतं. एकटीच गेले. एका रात्रीची खोली सांगितली. काका थकले होते, हिंगोलीतच राहत होते. आवार आता वन खात्याच्या मदतीनं त्यांचा पुतण्या बघत होता. औरंगाबादच्या दोन शिक्षिका दुसऱ्या खोलीत उतरल्या होत्या.

संध्याकाळी आक्का चहाच्या दुधासाठी शेळ्या पिळत होती. तिचे केस पांढरे झाले होते. तिनं मला ओळखलं, “पाटीवाली पोरगी,” म्हणाली, “आता बोलता व्हय तुमी?” मी तिच्याजवळ दगडावर बसले. तिचे हात चालत होते आणि ओठ घट्ट मिटलेले होते. शेळी सारखी पाय झाडत होती.

“तुम्ही आता गुणगुणत नाही?” मी विचारलं.

“न्हाई. त्या हरणापासून सोडलं. लेकीच्या लेकराला झोपवतानाबी तोंडात येत न्हाई. आलं की ते पाडस दिसतं, परत पळत येऊन राहिलेलं.”

मग मी सांगितलं. पहाट, तट्ट्याची फट, बोटं, अर्धा तास. सगळं, आणि गप्प बसले ते. बोलताना माझा आवाज बारीक होत गेला, पण मी थांबले नाही.

आक्कानं पिळणं थांबवलं आणि माझ्याकडे नीट बघितलं.

“तुमी एका रातीच्या पाव्हण्या,” ती म्हणाली. “एका पहाटेनं काय व्हतं? मी तीन महिने गुणगुणले त्याच्या कानापाशी.”

“पण ते माझ्याकडे आलं होतं. माझा हात हुंगत होतं.”

“माझ्याकडंबी आलं व्हतं. आधी माझंच लुगडं हुंगलं. मी ध्यानात ठेवलंय.”

“मावशी, मी खोटं बोलत नाही.”

“म्या कवा म्हणलं खोटं बोलता? पण काहून अंगाला लावून घेता? लहान व्हतात तुमी.” तिनं माझ्या गुडघ्यावर थोपटलं. तिचा हात दुधानं ओला होता. “आता नऊ वर्सांनी म्हातारीला बरं वाटावं म्हून इतक्या लांब आलात. कोण येतं?”

मी पुन्हा सांगून पाहिलं. ती ऐकत होती, पण लहान मुलाची समजूत काढताना ऐकतात तसं. तिनं ती चूक नऊ वर्षं सांभाळली होती. माझ्या सांगण्यावरून ती सोडून देण्याएवढी माझी तिच्याशी ओळख नव्हती. त्या दिवशी व्हरांड्यात बोलले असते तर तिनं मला चार शिव्या दिल्या असत्या आणि विश्वास ठेवला असता. तेव्हाच ते तिच्या अंगावरून उतरलं असतं.

रात्री जेवायला आम्ही तिघी व्हरांड्यात बसलो. आक्का गरम भाकरी वाढत होती. त्या दोन शिक्षिकांना ती माझ्याकडे हात करून म्हणाली, “ह्या बाईचं मन लई मोठं हाय. मागं माझ्याच्यानं एका पाडसाचं वाटोळं झालं, तर आज म्हणतेत, तुझं न्हाई, माझं चुकलं. अशी माणसं ऱ्हायली न्हाईत आता.”

त्या दोघींनी माझ्याकडे कौतुकानं बघितलं. एक म्हणाली, “खरंच किती छान.” आक्कानं माझ्या भाकरीवर तूप घातलं, त्यांच्यापेक्षा जास्त.