अव्वांनी टर्कीला कुंकू लावलं

त्या मोठ्या पुरात माझा मोठा भाऊ शिरोळहून आमच्याकडे कोल्हापुरात आला. सोबत बायको-पोरं, कपड्यांची बोचकी आणि एक पोतं. पोतं हलत होतं. मला वाटलं, मांजर असेल. शाहूपुरीत आमचं दुकान पुढं आणि घर मागं. मागच्या अंगणात त्यानं पोत्याचं तोंड सोडलं आणि आतून जे बाहेर आलं ते बघून मी भिंतीला टेकले. डोकं गिधाडासारखं, शेपूट मोराच्या धाकट्या भावासारखं आणि नाकावरून लालभडक काहीतरी लोंबतंय.

"अण्णा, हे काय हाय?"

"ठावं न्हाय. गोठ्याच्या पत्र्यावर येऊन बसलतं. पाणी पत्र्याला लागलं, मग सोडून कसं यायचं?"

"पण हाय कुणाचं?"

"आमचं न्हाय, एवढं नक्की."

पाणी उतरल्यावर तो गावी परत निघाला तेव्हा पोतं रिकामंच नेलं. "घरात गुडघाभर गाळ हाय, ह्याला कुठं ठेवू? ऱ्हाऊ दे की तुझ्याकडं," असं म्हणून टेम्पोत बसला. माझं उत्तर ऐकायला थांबायचं नाही ही त्याची लहानपणापासूनची खोड आहे.

आमचं घर लिंगायत. अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. साधी कोंबडी मी कधी हातात धरली नव्हती, तिथं हे धूड. जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, टर्की आहे, नर आहे, धान्य आणि पाला घाला. लोक हे पाळतात कशासाठी, असं मी विचारलं तर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "खायला," म्हणाले. मी त्याला उचलून घरी आणलं आणि दिवसभर कुणाशी नीट बोलले नाही.

नवरा म्हणायचा, ज्याचा आहे त्याला देऊन टाक. कुणाला, ते त्यालाही सांगता यायचं नाही. भावानं गावात चौकशी केली, मालक काही पुढं आला नाही. त्याचा फोन आला की मी हातातलं काम टाकून उचलायचे आणि "कोण न्हाय म्हणतंय" असं ऐकलं की हलकं वाटायचं. एका अनोळखी पक्ष्यासाठी एवढं कशाला, ते मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि आजही सांगता येणार नाही. कुणाच्या पातेल्यात तो जाऊ नये, एवढं मात्र मला मनापासून हवं होतं.

त्याचं वागणं तर मला कधीच उमगलं नाही. डोकं कधी निळं, कधी लाल, कधी पांढरं पडायचं. लाल झालं म्हणजे रागावला की खूश झाला? मी धुणं वाळत घालायला गच्चीवर गेले की मागोमाग जिना चढून यायचा, आणि वर आल्यावर माझ्याकडं पाठ करून उभा राहायचा. रस्त्यावर कुणी हॉर्न वाजवला की इकडून तो गळा काढून उत्तर द्यायचा. सासूबाईंना आम्ही अव्वा म्हणतो. त्या सीमेकडच्या, त्याला कानडीत "बारो, बारो" म्हणून बोलवायच्या आणि तो यायचा. मी मराठीत बोलवलं की यायचा नाही. आता याला काय म्हणायचं?

गल्लीनं त्याला पावणं म्हणायला सुरुवात केली. "पावणं जेवलं का?", "पावण्यांचं वजन किती भरलं?" असे प्रश्न रोज. सगळ्यांत पुढं समोरचे मामा. तरुणपणी तालमीत घुमलेला माणूस, पाठ अजून दरवाजाएवढी, आवाज चौकापर्यंत. आषाढात एका शुक्रवारी आमच्या गल्लीची जत्रा असते: देवीला नदीचं पावसाळ्यातलं नवं पाणी घालायचं, नैवेद्य द्यायचा आणि मग भर रस्त्यात मटणाच्या पंगती. त्यातला पांढरा रस्सा मामांशिवाय कुणाला जमत नाही. हे मामा रोज सकाळी मूठभर मका घेऊन यायचे, पावण्यांना हातानं खाऊ घालायचे, मग त्याच्या छातीखाली हात घालून हळूच उचलून बघायचे.

"भरलंय की, वैनी," ते म्हणायचे.

हे प्रेम आहे का तयारी, मला कळेना. मका नको म्हणावं तर शेजार तुटायचा. घालू द्यावा तर मीच त्याला पोसून त्यांच्या हवाली करतेय असं वाटायचं. मी हसायचे, चहा विचारायचे आणि आत जाऊन अव्वांवर चिडायचे.

पुढच्या वर्षीचं बेंदूर आलं. अव्वा शेतकऱ्याच्या घरातल्या. लग्न होऊन शहरात आल्या तरी बेंदराला बैल पुजल्याशिवाय त्यांना घास जात नाही. दर वर्षी कुंभाराकडून मातीचे बैल आणून पूजा करायच्या. या वर्षी म्हणाल्या, "घरात जितं जनावर असताना मातीचं कशाला?" आणि त्यांनी पावण्यांना दारात पाटावर उभं केलं. पायावर पाणी घातलं. विभूती लावली. कुंकू कुठं लावावं ते त्यांना सुचेना, डोकं आधीच लाल झालेलं. शेवटी छातीवरच्या पिसांना हळद-कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि बैलाच्या शिंगात अडकवतात तसं कडबोळं त्याच्या गळ्यात अडकवलं. त्यानं ते काढून खाल्लं. अव्वा इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. मलाही फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

रस्त्यावरून येणारे-जाणारे थांबून बघत होते. एक-दोन बायकांनी लांबूनच हात जोडले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

जत्रेच्या सकाळी मामा आले. अंगात धुतलेला सदरा, मागं गल्लीतल्या दहा-पंधरा बायका-माणसं, एकीच्या हातात ताट, ताटात नारळ आणि पाण्याचा तांब्या. सगळे एकदम शांत. आमच्या गल्लीत सगळे एकदम शांत मी पहिल्यांदाच पाहिले.

"अव्वा," मामा म्हणाले, "तुमचं घर माळकऱ्यावानी. तरीबी तुमी देवीला दिलंसा. गल्ली इसरायची न्हाय."

"काय दिलं?" अव्वा म्हणाल्या.

मामांनी अंगणाकडं हात केला. पावणं तिथं कोथिंबिरीच्या काड्या उपसत होतं. गळ्यात सुकलेला हार तसाच.

अव्वांच्या चेहऱ्यावरचा गोंधळ मला अजून दिसतो. "मी तर त्याची पूजा केली. पूजा केलेल्याला कोण मारतंय?"

"अव्वा," मामा हळू आवाजात म्हणाले, "पूजा केल्याबिगर कोण मारत न्हाय की."

कुणी हसलं नाही. ताट धरलेल्या बाईनं सांगितलं, हळद-कुंकू झालेलं माघारी घेतलं की गल्लीला बाधतं. ती काही धमकावत नव्हती. तिचं पोर त्या आठवड्यात तापानं फणफणत होतं, तिला खरंच भीती वाटत होती. मी तोंड उघडलं. आमच्यात असं नसतं, म्हणणार होते. पण आमच्यात-तुमच्यात म्हणायला लागले तर त्या गल्लीत राहायचं कसं? नाही म्हटलं तर शेजार जाणार, हो म्हटलं तर तो जाणार. नवरा दुकानाच्या दारात नुसताच उभा. मला रडू येत होतं आणि ते कुणासमोर रडावं तेही कळत नव्हतं.

"रितीपरमाणं हुईल," मामा म्हणाले. रीत म्हणजे डोक्यावर पाणी शिंपडायचं आणि वाट बघायची. अंग झाडलं तर देवीनं घेतला. तीनदा शिंपडून झाडलं नाही, तर देवीला नको. अंगावर थेंब पडला की हा आख्खा फुलून झाडायचा, हे मी रोज बघत होते. मामाही रोज बघत होते.

ते एकटेच पुढं गेले आणि पावण्यांसमोर वाकले. त्यांच्या रुंद पाठीआड माणसांना काही दिसत नव्हतं. मी स्वयंपाकघराच्या दारात होते, मला बाजूनं दिसत होतं. मामांनी तांब्यातलं पाणी तळहातावर घेतलं, हात उडवला, आणि पाणी पक्ष्याच्या पलीकडं फरशीवर पडलं. दुसऱ्यांदा फरशीवर. तिसऱ्यांदाही. त्यानं मान वाकडी करून मामांच्या हातात मका आहे का ते बघितलं. पीस काही हललं नाही.

"न्हाय," मामा उठत मोठ्यांदा म्हणाले. "देवीला नको हाय."

ताटवाल्या बाईनं देवळाच्या दिशेनं हात जोडले. माणसं पांगली. अव्वा खाली बसल्या, "बारो" म्हणाल्या आणि त्याच्या गळ्यातला सुकलेला हार काढला. मामा तांब्या घेऊन माझ्यापाशी थांबले. ते माझ्याकडं न बघता बोलले.

"वैनी, पुढच्या बेंदराला पूजा करताना दार लावून घ्या. माझा हात दर साली चुकायचा न्हाय."